मिस्तरीची उदबत्ती

मी माझ्या गाडीच्या तोंडाला शेडनेट बांधलं आणि विसरून गेलो.

मी देऊळगाव राजाच्या शाळेत विज्ञान शिकवतो, हे इथंच सांगून टाकतो. नंतर दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा बरं. नववीच्या पोरांकडून वहन, अभिसरण, प्रारण हे तीन शब्द मी दरवर्षी घोकून घेतो. आणि ज्या रेडिएटरला वारा लागावा म्हणून कंपनीनं गाडीच्या पुढं जाळी ठेवलेली असते, त्या जाळीच्या मागं मी काळं शेडनेट दुहेरी घडी घालून तारेनं आवळून टाकलं. त्याला कारण होतं. मार्गशीर्षात आमच्या दुसरबीडच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या धावतात, आणि त्यांच्या मागं रुईचे पुंजके उडत असतात. बायको बियाण्याच्या मिरचीचं शेडनेट करते. मिरचीत माशी जाऊ नये म्हणून जाळी चालते, तर रेडिएटरमध्ये कापूस जाऊ नये म्हणून का चालू नये, असा विचार मला एका रविवारी सुचला, आणि शास्त्रज्ञाला सुचल्यावर तो थांबत नाही. बायकोनं दोन दिवसांनी विचारलं, नेटचा उरलेला तुकडा कुठं गेला. मी म्हणालो, उंदरानं नेला असेल. ती म्हणाली, तेवढा मोठा उंदीर असेल तर मांजर नको, पोलीस बोलवा.

थंडीभर गाडी झकास चालली. मी स्वतःवर खूश होतो. नंतर तर ती जाळी लावल्याचंही डोक्यातून गेलं. पण ही गोष्ट माझी नाही, मिस्तरीची आहे. माझा शहाणपणा त्यात फक्त निमित्ताला.

देऊळगाव राजातून जालन्याकडं निघालं, की गाव संपता संपता डाव्या हाताला बाभळीखाली गाड्या दुरुस्तीचं एक पत्र्याचं शेड लागतं. पाटी नाही. कोणाला विचारलं तर ‘मिस्तरीकडं जायचंय का’ असा उलट प्रश्न येतो. वीस वर्षं मी त्या शेडमध्ये शाळा सुटल्यावर जाऊन बसतो, आणि मला त्यांचं आडनाव माहीत नाही. त्यांनाही माझं माहीत नसावं. ते मला सर म्हणतात.

गाडी आली की मिस्तरी बोनेटकडं बघतसुद्धा नसत. शेडच्या तोंडाशी जुन्या जीपची एक सीट काढून ठेवलेली आहे, तिच्यावर आधी मालकाला बसवायचं. मग उलटतपासणी. कुठं चालले होते? गाडीत कोण होतं? घाटात की सपाटीला? थांबल्यावर किती वेळानं बरी झाली? बायको शेजारी होती का? मालक ‘त्याचा काय संबंध’ म्हणाला की मिस्तरी शांतपणे सांगत, भांडता भांडता माणूस क्लचवर पाय ठेवून चालवतो. एकदा धामणगाव बढ्याहून, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाहून, एक व्यापारी क्लचप्लेट जळाली म्हणून आले होते. त्यांना त्या सीटवर इतकं विचारलं, की शेवटी माणसानं साडूशी असलेला शेताचा वाद सांगितला. गाडी दुपारपर्यंत दुरुस्त झाली. वादाचं काय झालं ते कळलं नाही.

“गाडी खोटं बोलत नाही,” हे मिस्तरींचं ठरलेलं वाक्य. “तिले बोलताच येत नाही, म्हणून. बोलतो तो मालक.”

इंजिन खोलायला ते कायम नाखूश. खोलणं म्हणजे पोस्टमार्टम, पहिले मरू तर द्या, असं म्हणत. त्याऐवजी स्टीलच्या ग्लासात पाणी भरून तो चालू इंजिनवर ठेवत आणि पाण्यावरच्या लहरींना बोट लावून, कोणता प्लग चुकतोय ते सांगत. पाण्याचा वास घेत. ऑइल दोन बोटांत चोळून कानाजवळ नेत. ऑइल कानाजवळ का न्यायचं, हे मी विज्ञानाचा माणूस म्हणून एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, कचकच असली तर ऐकू येते. मी घरी जाऊन प्रयोग केला. मला फक्त कान धुवावा लागला.

आणि शेडच्या मागच्या पत्र्याची भिंत. त्या भिंतीवर खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला गाडीतून निघालेली एकेक वस्तू. एअर फिल्टरच्या डब्यातून निघालेली लहान मुलाची चप्पल. डिझेलच्या टाकीच्या तोंडात बसवलेला कांदा. पंख्याच्या पट्ट्याच्या जागी बांधलेला साडीचा काठ. खाली खडूनं फक्त गावाचं नाव. माणसाचं नाव कधी नाही. गावाला कळतंच, असं मिस्तरी म्हणत. पण वस्तू खिळ्याला लागण्याआधी मालकानं सीटवर बसून, असतील तेवढ्या लोकांपुढं, मी हे केलं असं तोंडानं म्हणायचं. त्याशिवाय चावी परत मिळत नसे. मोठमोठ्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी तिथं बसून कबुली दिलेली मी पाहिली आहे. त्या भिंतीपुढं वीस वर्षं सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल तर मी.

गेली तीनेक वर्षं मिस्तरींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सगळं ताकातून पाहिल्यासारखं दिसतं, असं ते सांगत. लोक म्हणत, जालन्याला जाऊन काढून टाका. ते म्हणत, डोळे उघडले की कान बंद होतात. खरं कारण भीती असावं, पण ते कोणी सीटवर बसवून विचारलं नाही. अडत तर काही नव्हतं. आवाज, वास, हाताचा तळवा, यावर त्यांचं चालायचं, आणि समोरच्या नव्या गॅरेजमध्ये कॉम्प्युटर लावून जे सापडत नसे ते बाभळीखाली सापडे. समोरचा गॅरेजवाला त्यांच्याच हाताखाली शिकलेला. तोसुद्धा अडलं की रस्ता ओलांडून यायचा. आमच्या भागात पाहण्यासारखं पुष्कळ असेल, पण बाहेरचा पाहुणा आला की मी त्याला आधी बालाजीला नेतो आणि मग मिस्तरीकडं.

फाल्गुनात माझ्या गाडीचा तापमानाचा काटा चढायला लागला.

शाळेला येताना सिंदखेड राजा मागं पडलं की गाडी तापायची. वर आणखी एक दुखणं, आणि ते लहरी. गाडी जोरात असली की मधेच ओढ जायची. पाय दाबलेला, गाडी मात्र बैलानं जू टाकून द्यावं तशी. कडेला उभी करून दहा मिनिटं थांबलं, की काही झालंच नाही अशी चालायची. एखादा दिवस काहीच व्हायचं नाही. मी मिस्तरींच्या सीटवर जाऊन बसलो.

त्यांनी सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं. शेवटी ते म्हणाले, “सर, पुढून रेडिएटर साफ आहे नं? मले तेवढं दिसत नाही, अन् ते वरचं प्लास्टिक खोलायले लावू नका.”

मी म्हणालो, “एकदम साफ. हमी माझी.”

हे मी इतक्या ठामपणे कशाच्या जोरावर म्हणालो? डोक्याच्या कुठल्या तरी कोपऱ्यात ‘आपण त्याची सोय केलेली आहे’ एवढंच शिल्लक होतं. सोय कोणती, ते गेलं होतं. मिस्तरींनी मान हलवली. वीस वर्षांत मालकाचा शब्द त्यांनी तपासल्याशिवाय घेतल्याचं मी पाहिलं नव्हतं. माझा घेतला. शेजारी बसलेल्या एकाला ते म्हणाले, मास्तर माणूस आहे, त्याच्या बोलण्याला फिल्टर लावावा लागत नाही.

मग त्यांनी कामाला सुरुवात केली. समोरच्या गॅरेजवाल्यानं येऊन कॉम्प्युटर लावला आणि हेड गॅस्केट गेलं असेल, इंजिन उघडावं लागेल, असं सांगितलं. मिस्तरींनी रेडिएटरच्या तोंडावर एक फुगा ताणून बसवला आणि मला गाडी चालू करायला लावली. गॅस्केट फाटलं असेल तर आतला धूर पाण्यात येतो आणि फुगा फुगतो. फुगा लोळत पडला. इंजिन उघडायची गोष्ट तिथंच संपली. पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट काढून तो शेजारच्या चहावाल्या काकूंच्या पातेल्यात उकळायला टाकला. उकळत्या पाण्यात तो नीट उघडला, म्हणजे चांगला. काकूंनी ते पातेलं आठवडाभर बाजूला ठेवलं. डिझेल फिल्टर बदलला. गाडी घेऊन जा म्हणाले.

सिंदखेड राजाच्या पुढं काटा पुन्हा वर. परत आलो. या वेळी पाण्याचा पंप, पाइप, पंख्याची वायर, सगळं हातानं चाचपून झालं. पुन्हा घेऊन जा म्हणाले, पण आवाज खालचा होता. त्या शेडमधून दुरुस्त होऊन गेलेली गाडी त्याच दुखण्यानं परत आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. चहाच्या टपरीवर बोलणी सुरू झाली. मिस्तरीचं वय झालं. डोळेच नाहीत तर काय. आता समोरच बरं.

तिसऱ्यांदा गाडी रस्त्यात बसली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मला शाळेला उशीर झाला होता. बोनेट उघडून, काही कळत नसलेला माणूस जसा वाकून बघतो तसा मी वाकून बघत होतो. प्लास्टिकच्या फटीतून एक काळा काठ बाहेर डोकावत होता. त्यावर माझ्या हातच्या तारेचा पीळ होता. मी तो पीळ ओळखला. विज्ञानाचा शिक्षक म्हणून त्या क्षणी मला वहन, अभिसरण आणि प्रारण तिन्ही एकदम आठवले.

पहिला विचार कोणता आला ते प्रामाणिकपणे लिहितो. तिथंच नेट ओढून काढावं, नाल्यात टाकावं आणि गाडी आपोआप बरी झाली म्हणून सांगावं. दुसरा विचार आला भिंतीचा. खडूनं लिहिलेलं ‘दुसरबीड’ मला दिसायला लागलं. आमच्या गावात चारचाकी घेऊन देऊळगावला शिकवायला जाणारा विज्ञानाचा मास्तर एकच. नेटला हात न लावता मी गाडी हळूहळू मिस्तरीकडं नेली. वाटेत धीर येईल असं वाटलं होतं.

शेडमध्ये मिस्तरी नट-बोल्टचे पाने पुसून गोणपाटात गुंडाळत होते. आकारानं लावून, एकेक. चार-पाच लोक बसलेले होते. समोरचा गॅरेजवालाही येऊन उभा होता. मी गाडी बंद केली तसं मिस्तरी न बघता म्हणाले, “सर, तुमचीच आहे. अजून गरमच होऊन राह्यली.” मग म्हणाले, गाडी समोर लावा. आपल्याच्यानं नाही होत आता. पाने पोराच्या हाताच्या सवयीचे आहेत, तोच घेऊन जाईल. समोरच्या त्या चाळिशीच्या माणसाला ते अजून पोरगा म्हणत. तो खाली मान घालून म्हणाला, मिस्तरी, असं नका करू.

मला तोंड उघडायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी उघडलंही. आणि त्यातून निघालं ते एवढंच, “एकदा पुढून बघता का, मिस्तरी?”

“पुढून तुम्ही पाह्यलं होतं नं?”

मी हातातली चावी बघत राहिलो.

मिस्तरींनी हातातला पाना खाली ठेवला. मान जरा वाकडी केली, ऑइल कानाजवळ नेताना करत तशी. मी गप्प, आणि ते माझ्या त्या गप्प बसण्याला कान लावून बसलेले. मग ते उठले आणि बालाजीच्या फोटोपुढची उदबत्ती काढून घेतली.

“गाडी चालू करा, सर. पंखा लागू द्या.”

पंखा लागला. मिस्तरींनी उदबत्ती गाडीच्या पुढच्या जाळीसमोर धरली. नीट चालणाऱ्या गाडीचा पंखा तो धूर आत ओढून घेतो. हे त्यांनी मला पूर्वी एकदा सांगितलं होतं. माझ्या गाडीपुढं धूर देवासमोर जातो तसा सरळ वर गेला. सगळे उठून जवळ आले. त्यांना दिसत होतं, मिस्तरींना नव्हतं. त्यांनी दुसरा हात धुरावर धरला आणि म्हणाले, श्वास घेत नाही ही. मग जाळीच्या फटीतून दोन बोटं आत घातली. बोटं थांबली. अंगठ्यानं चोळून बघितलं.

“शेडनेट. पंच्याहत्तर टक्के सावलीचं. दुहेरी घातलं, अन् वरून धूळ-कापसाचं घोंगडं झालंय.”

कोणीतरी हसायला लागलं. मिस्तरींनी हात वर करून थांबवलं. “एक दुखणं झालं. ओढ काऊन जाते ते राह्यलं. सर, दाबा.”

मी पाय दाबला. उदबत्ती त्यांनी डावीकडच्या कोपऱ्याला नेली. तिथं मात्र धूर झपकन आत गेला, कारण इंजिन ज्या नळीनं हवा घेतं तिचं तोंड तिथं असतं. मी आणखी दाबलं. आतून ‘थप’ आवाज आला, धूर थांबला आणि इंजिन बसत गेलं. माझ्या तारेचा त्या बाजूचा पीळ सुटला होता. तिथला सैल पदर जोराची हवा लागली की नळीच्या तोंडावर जाऊन चिकटायचा, आणि गाडी थांबली की गळून पडायचा. दहा मिनिटं थांबल्यावर गाडी बरी का होते, एखादा दिवस काहीच का होत नाही, सगळं त्या एका चिंधीत होतं.

“तोंडही दाबलं अन् नाकही,” मिस्तरी म्हणाले. “तरी तीन महिने चालली बिचारी. कंपनीले पत्र लिहा.”

समोरचा गॅरेजवाला हातातला कॉम्प्युटर बघत म्हणाला, “मिस्तरी, यात हे दाखवत नाही.”

“त्यात मालक नाही दाखवत,” मिस्तरी म्हणाले.

मग मला सीटवर बसावं लागलं. त्या सीटची स्प्रिंग उजवीकडं टोचते, हे मला वीस वर्षांत माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं. कापूस, मिरची, उंदीर, हमी, आणि सकाळी रस्त्यात दिसलेला पीळसुद्धा. लोक हसले ते हसलेच, चहावाल्या काकू गाळणं हातात घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. मिस्तरी हसले नाहीत. नेट भिंतीवर गेलं. खडूनं गावाचं नाव त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतलं; अक्षर चांगलं आहे म्हणाले.

गर्दी पांगल्यावर त्यांनी गोणपाट उलगडलं आणि पाने पुन्हा जागच्या जागी लावले. मी उठायला लागलो तर म्हणाले, बसा.

“डोळे असते तर तुमाले विचारलंच नसतं, सर. पाहून घेतलं असतं. आंधळ्याले कोनाच्या तरी शब्दावर चालावं लागते.” रागानं नाही, गाडीचं दुखणं सांगत तसं म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “जालन्याले कोण्या दिवशी सवड आहे तुमाले?”

शनिवारी सकाळी मी त्यांना त्याच गाडीत घेऊन गेलो. ते पुढच्या सीटवर बसले आणि सबंध रस्ता बोनेटकडं कान. काटा मध्यावर, ओढ खणखणीत. जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, बाबा, घाबरला नाहीत ना. मिस्तरी म्हणाले, तुम्ही खोलणार आहात, मी काऊन घाबरू, पहिले सगळं तपासलं नं? डॉक्टरांनी सगळे कागद पुन्हा एकदा पाहिले. मला त्या क्षणी फार अभिमान वाटला. आमचा माणूस टेबलावर पडूनसुद्धा मिस्तरी होता.

पट्टी सुटल्यानंतर मीच त्यांना आणलं. घरी न जाता आधी शेडवर चला म्हणाले. तिथं बरेच लोक जमलेले होते. समोरच्या गॅरेजवाल्यानं त्या दिवशी स्वतःचं शटर उघडलंच नव्हतं. मिस्तरी उतरले आणि सरळ भिंतीपाशी गेले. चप्पल पाहिली, कांद्याचं वाळून उरलेलं टरफल पाहिलं, साडीच्या काठाचा रंग पाहून ‘हिरवा होता का’ म्हणाले. माझ्या नेटपुढं ते जास्त वेळ थांबले. खालचं अक्षर वाचलं. मग येऊन गाडीच्या पुढं उभे राहिले, जाळीतून आत डोकावले, बोनेटवर हात न ठेवता नुसतं पाहिलं. हा माणूस आता कानानं काम करणार की डोळ्यानं, आणि जमेल का, हेच प्रत्येकाच्या मनात होतं.

मी गाडी चालू केली. मिस्तरींनी क्षणभर डोळे मिटले. “पट्टा जरा सैल आहे,” ते म्हणाले. डोळे उघडून वाकले, बोटानं पट्टा दाबला, आणि मान हलवली. सैल होता. चहावाल्या काकूंनी कोणी न सांगता सगळ्यांना चहा ठेवला, त्याच पातेल्यात.

मग ते माझ्याकडं वळले. तीन वर्षांनी पहिल्यांदाच त्यांनी मला धड पाहिलं असावं. मी सदऱ्याची कॉलर नीट केली. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, गाडीला एकदा बघितलं, पुन्हा मला.

“गाडी वाटली होती त्याहून चांगली दिसते,” मिस्तरी म्हणाले. “तुम्ही मातर आवाजावरून जरासे हुशार वाटत होते, सर.”